ज्याचं तोंड त्याला

"मेला सुट्टीवर जातानासुद्धा उद्याचं काम गळ्यात मारून गेला," असं कुणीतरी ताईच्या डाव्या कानाशी पुटपुटलं. तिला उद्देशून नव्हे. लिफ्टच एवढीशी होती की कुणी कुणाला काही म्हटलं तर ते आधी तिसऱ्याच्या कानात जायचं. दोन मुली होत्या, गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं, एकीचे केस अजून ओले. "जाऊ दे ना, निदान त्याचं तोंड तरी दिसणार नाही," दुसरी म्हणाली. "थांब, त्यावर एक मस्त स्टिकर पाठवते तुला," असं म्हणून ओल्या केसांच्या मुलीचा अंगठा फोनवर सरसर सरकला. फोन जवळजवळ ताईच्या हनुवटीखालीच होता. बघायचं नाही म्हटलं असतं तर डोळेच मिटावे लागले असते. पडद्यावर एक कापून काढलेलं डोकं आलं. मान नाही, खांदे नाहीत. डोळ्यांवर कुणीतरी रंगवलेला काळा गॉगल, आणि गॉगलखाली आ वासलेलं, टाळूपर्यंत उघडं पडलेलं हसरं तोंड. खाली जाड पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं: सुटले एकदाची! दोघी फिस्सकन हसल्या. ताईला आधी दिसले ते दात. वरचा डावा सुळा जरासा बाहेर आलेला आणि अंग चोरून वळलेला, त्याला लागून एक बुटका दात, वरच्याच उजवीकडच्या दाढेत काळवंडलेलं चांदीचं भरण. शंभर तोंडांच्या ढिगात टाकलं असतं तरी हे तोंड तिनं ओळखलं असतं. रोज सकाळी आरशात ती ते घासत होती.

लिफ्ट थांबली, दार उघडलं, आणि ताई उतरली ती भलत्याच मजल्यावर. समोर कुठल्यातरी विमा कंपनीचं काचेचं दार होतं आणि त्यात तिची स्वतःची छाया, ओठ घट्ट मिटलेले, जणू कुणी आत काही चोरून ठेवायला सांगितलंय. आत बसलेल्या बाईनं मान वर करून "कोण हवंय?" अशा अर्थी भुवया उडवल्या. ताईनं नुसताच हात हलवला आणि जिना धरला. चढताना एक विचार सारखा पायात येत होता: हिनं, म्हणजे या भुवयावाल्या बाईनं, बघितलं असेल का? आणि खालच्या पहारेकऱ्यानं? आणि कोपऱ्यावर चहा देणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये? हसण्यासारखं काही झालं की लोक हल्ली स्वतः हसत नाहीत, दुसऱ्याचं हसू पाठवतात. म्हणजे आज सकाळपासून किती जणांनी तिचं तोंड उचलून आपल्या जागी लावलं असेल, याला काही सुमारच नव्हता.

तिला ताई म्हणत ते लॅबमधले लोक. तिच्याहून वयानं कितीतरी मोठा असलेला पॉलिशवालाही ताईच म्हणायचा, त्यामुळे आपणही ताईच म्हणू. नावं ठेवायला बाकीचे लोक आहेतच. लॅब दातांची होती. दवाखान्यांतून तोंडांचे साचे यायचे, त्यात प्लास्टर ओतलं की ज्याच्यात्याच्या हिरड्या, पडलेल्या जागा, उरलेसुरले खुंट असे पांढरेशुभ्र होऊन टेबलावर बसायचे. त्यांच्यावर मेणाची हिरडी चढवायची, मेणात एकेक दात बसवायचा, वरच्याला खालचा जुळतो का ते बघायचं, हे ताईचं काम. तीसेक वर्षं ती हे करत होती आणि कुठल्याही शाळेत शिकलेली नव्हती. लग्नाआधी इथं ती झाडायला म्हणून आली होती आणि बघताबघता मेणाला हात लावू लागली होती. चेहरा तिच्यापर्यंत कधी यायचाच नाही. यायचं ते तोंड, एका आकड्यासह. आणि कवळी तयार होऊन गेली की प्लास्टरचा साचा फोडायचा, हा त्या लॅबचा रिवाज होता. दुसरीकडे साचे वर्षानुवर्षं फळीवर पडून असतात, इथं दर शनिवारी मोरीजवळच्या पत्र्याच्या डब्यात घालून पॉलिशवाला हातोडा घ्यायचा. "ज्याचं तोंड त्याला," असं म्हणत एकेक फोडायचा. त्यामागे गोष्ट होती. फार पूर्वी एका दवाखान्यानं नमुना म्हणून एक साचा दर्शनी काचेत मांडला होता, आणि एके दिवशी गाणं शिकवणाऱ्या एक बाई तणतणत थेट लॅबमध्येच आल्या. म्हणाल्या, "ते माझं तोंड आहे. माझ्या शिष्या त्या रस्त्यानं येतात-जातात." मालक म्हणाले, "बाई, नाव कुठे लिहिलंय त्यावर? आणि प्लास्टर तर आमचंच." त्यावर बाई म्हणाल्या, "प्लास्टर तुमचं हो, पण पोकळी माझी." त्या दिवसापासून हातोडा. ताई तेव्हा नवी होती, आणि बाई गेल्यावर सगळे हसले तेव्हा तीही हसली होती. दात विचकून, अगदी मनापासून.

आता ती मेणात दात बसवत होती. समोर कुणा म्हाताऱ्याचा वरचा जबडा होता आणि त्यात ती चौथ्यांदा तोच सुळा तिरका बसवत होती. स्वतःसारखा. काढला, पुन्हा बसवला, पुन्हा तसाच. फोटो तिला ठाऊक होता, तो नाही म्हणायची सोय नव्हती. लेकीनं विचारलं होतं. लेक फोटो काढायची, दुकानांच्या वस्तूंचे पोटापाण्यासाठी आणि माणसांचे हौसेनं, आणि ते हौसेचे फोटो जगाला दिसतील असे टाकायची. एका संध्याकाळी ताईचे दोन्ही हात भांड्यांच्या फेसात असताना तिनं मागून विचारलं होतं, "ए आई, तुझा तो हसतानाचा फोटो टाकू का गं?" "टाक की," ताई म्हणाली होती. कुठला, कुठे, कुणासाठी, काही विचारलं नाही. नंतर ती स्वतःला सांगत आली की आपल्याला वाटलं दुसराच कुठलातरी असेल. पण दुसरा होता कुठे? त्या वर्षांत ती हसली होती कितीदा, आणि त्यातल्या कितीदा समोर कुणी फोन धरला होता? ती "टाक" म्हणाली तेव्हा तिला नीट ठाऊक होतं कुठला ते. ठाऊक होतं, म्हणूनच तिनं मागे वळून बघितलं नव्हतं.

दुपारी डबे उघडले. पॉलिशवाला नेहमीप्रमाणे आपल्या जावयाच्या नावानं बोटं मोडत होता. "शेजाऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकायला गेला आणि आपलीच नळी फोडली. आता सांगा, याच्या हाती मी मुलगी दिली!" सगळे हसले. ताईनं हसताना हात तोंडापुढे धरला. पॉलिशवाला थांबला. "ताई, हात कशाला?" "काही नाही, घास होता तोंडात." तो जरा वेळ जेवत राहिला आणि मग, डब्याच्या झाकणाकडे बघत म्हणाला, "आम्हाला ठाऊक आहे ताई. केव्हाचंच. मालकांच्या बहिणीनं पाठवलं होतं त्यांना. इथं कुणी कुणाला पाठवायचं नाही असं ठरवलं आपलं आपण." ताईचा घास खरंच अडकला. "गॉगल आहे ना त्याला," ती म्हणाली, "ओळखू येत नाही म्हणे." "म्हणे काय! अहो, आपण कधी कुणाचे डोळे बघितलेत का? सुळा दिसला की संपलं." मग जवळ सरकून, अगदी कौतुकानं, त्यानं विचारलं, "पण एवढं कशावर हसत होता हो? मी तुम्हाला इतकं हसताना कधी बघितलं नाही." "आठवत नाही बाई," ताई म्हणाली. ते इतक्या पटकन आलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

आठवत नाही! घटका-घटका आठवत होती. नवरा गाडी शिकवायचा. शिकाऊ माणसांच्या त्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि सगळं आयुष्य तो दुसऱ्यांच्या चुकांवर पाय ठेवून बसलेला. चांगला माणूस. कधी आवाज चढवला नाही, शिष्यांवरही नाही, फक्त पाय दाबायचा. मग एके सकाळी चप्पल घालता घालता त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यानंतर पुढच्या खोलीतला पलंग, कूस बदलायच्या वेळा, रबरी चादर, पाठीला होणाऱ्या जखमा, भरवताना ठसका लागला की तिघींची धावपळ. ताई, लेक आणि सासूबाई. आणि त्याचा डावा पाय, जो शाबूत होता, तो झोपेत मधेच पलंगाच्या फळीवर दाबला जायचा. धप्प. मग घरात तिघींपैकी एक जागी व्हायची. बहुतेकदा तिघीही व्हायच्या आणि तिघीही झोपेचं सोंग घ्यायच्या, कारण जी आधी हलेल तिनं उठायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. असल्या गोष्टी ठरवायला लागत नाहीत. काही वेळा ताई अंधारात डोळे उघडे ठेवून, श्वास अगदी एका लयीत सोडत पडून राहायची आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचा कटकट आवाज ऐकायची. वयानं एवढ्या थकलेल्या बाईला उठू दिलं आपण, असं सकाळी वाटायचं. सकाळी वाटण्याला काय लागतं.

तो गेला त्या दिवशी माणसं आली, पोचवून आली. संध्याकाळी घरच्याच चौघीजणी उरल्या, नणंद धरून. पुढच्या खोलीत पलंग रिकामा. नणंद सांगत होती, दादाला घेऊन निघालेल्या गाडीत ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. वळणावर एक कुत्रं आडवं आलं आणि गाडी खाडकन थांबली. ड्रायव्हर शपथेवर म्हणाला, "बाई, मी ब्रेक दाबलाच नव्हता हो!" नणंदेनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मी त्याला म्हटलं, तू नसशील दाबला. मागून दाबला असेल." आणि मग ताईच्या पोटातून काहीतरी सुटलं आणि वर आलं. हसू म्हणावं तर तेवढंच नव्हतं ते. मान मागे पडली, जबडा उघडला, डोळ्यांतून पाणी, फासळ्या दुखेपर्यंत. नणंदही हसली, लेकही हसली. पण त्या दोघी मध्येच रडायला लागल्या, आणि ताई हसतच राहिली. एवढंच. रडू आलं ते नंतर, पुष्कळ आलं. पण आधी हे आलं होतं, आणि ते आलं तेव्हा आत किती हलकं, किती लख्ख वाटलं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळबद्दल घरात कुणी कधीच बोललं नाही. आता कुणा अनोळखी माणसानं, कुठल्यातरी कंटाळलेल्या दुपारी, चेहरा कापून, गॉगल चढवून, खाली दोन शब्दांचा विनोद लिहिला, आणि नेमका तोच लिहिला. त्याला कसं कळलं? ताईला त्याचा राग येत नव्हता, भीती वाटत होती. रस्त्यात कुणीतरी सहज हात लावावा आणि त्यानं थेट जिथं गाठ आहे तिथंच बोट ठेवावं, तशी.

घरी आल्यावर तिनं लेकीला स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लोटलं. सासूबाई पुढच्या खोलीत टीव्ही मोठ्यानं लावून बसल्या होत्या. "तो फोटो काढून टाक." लेकीनं काही विचारलं नाही, कुठला म्हणून. म्हणजे तिलाही स्टिकरचं ठाऊक होतं. "काढते. पण आई, त्यानं काही होणार नाही. ते स्टिकर कुणी केलं मला माहीत नाही, आता ते कुणाच्याच हातात नाही." "म्हणजे?" "म्हणजे हजारो फोनमध्ये गेलंय. माझ्याकडचा काढला तरी ते राहणारच." ताईला शनिवारचा पत्र्याचा डबा आठवला. इथं हातोडा मारायचा तरी कशावर? "विचारलं होतं मी तुला," लेक म्हणाली. "हात ओले असताना विचारलंस." "मग काय, कोरडे करून विचारायचं होतं?" दोघींना हसू यायला हवं होतं, आलं नाही. लेक ओट्याला टेकली, नखानं डाग खरवडत म्हणाली, "आणि आणखी एक आहे. तू ओरडू नकोस. त्या फोटोची निवड झालीय. प्रदर्शनात लावणार आहेत. मोठा करून, भिंतीएवढा. गॉगलबिगल काही नाही, माझा मूळ फोटो. आई, माझं पहिलं आहे गं हे. इतकी वर्षं मी साबणाच्या वड्यांचे फोटो काढतेय."

"कुणाला विचारून दिलास?"

"फोटो माझा आहे."

"आणि तोंड?"

"तोंड तुझं आहे, कोण नाही म्हणतंय! पण ते लाखो लोकांकडे असतं. फोटो दिसतो तो... बघणाऱ्याला." हे म्हणताना तिचा आवाज मध्येच खाली गेला, आणि ती ताईकडे न बघता पाण्याच्या भांड्याकडे बघायला लागली. लहानपणी काही लपवलं की ती अशीच भांड्यांकडे बघायची. ताईला वाटलं, पोरीला लाज वाटतेय, त्या दिवसाची. म्हणून तिनंही त्या दिवसाचा विषय काढला नाही. "त्यांना दोन ओळी लिहून हव्यात," लेक म्हणाली, "कधी काढला, कुठे काढला. रविवारी संध्याकाळपर्यंत. काय लिहू?" ताईनं नळ सोडला. पाणी पडत राहिलं. "आजींनाही बोलावलंय उद्घाटनाला," लेक पाण्याच्या आवाजाआडून म्हणाली, "सगळ्या घराला बोलावतात."

तिथून पुढचे दिवस ताई दुसऱ्यांच्या फोनांत जगली. बसमध्ये पुढच्या माणसाच्या खांद्यावरून बघायची, औषधाच्या दुकानात रांगेत वाकून बघायची. कुणी फोनकडे बघून हसलं की तिची जीभ आपोआप त्या वळलेल्या सुळ्यावर जाऊन बसायची, झाकायला. पण खरी धास्ती एकाच फोनची होती. सासूबाईंचा फोन सदा कमरेला, पिशवीत. नाती, भाचरं, सकाळी बागेत बसणाऱ्या म्हाताऱ्या, सगळ्यांशी त्यांचं देणंघेणं चालायचं, फुलं, बाळं, सुविचार. ज्या बाईचा एकुलता एक मुलगा गेला, तिच्या हातात त्याच दिवशीचं सुनेचं हे खिंकाळणारं तोंड पडावं? आणि मग बुधवारी, मेण वितळवायचा दिवा पेटवता पेटवता, ताईचा फोन वाजला. घराच्या ग्रुपवर सासूबाई. मोरीचा तुंबलेला पाइप अखेर प्लंबरनं साफ केला होता, त्याची वार्ता, आणि वार्तेखाली ते. काळा गॉगल, आ वासलेलं तोंड, सुटले एकदाची! नणंदेनं त्यावर अंगठा दिला. लेकीनं काहीच दिलं नाही. ताईनं फोन पालथा ठेवला आणि बोट दिव्यावर भाजून घेतलं. ओळखलं नसेल, ती स्वतःला म्हणाली. डोळे अधू आहेत, चष्मा धड पुसत नाहीत. नसेलच ओळखलं. पण ओळखलं असेल तर? ओळखून पाठवलं असेल तर? संध्याकाळी ती घरी गेली तर सासूबाई प्लंबरच्या आळशीपणाबद्दल रंगून बोलत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणता काही सापडत नव्हतं. ताई त्यांचा चेहरा वाचायला गेली आणि नेहमीप्रमाणे तोंडापाशीच अडकली. "सूनबाई, ही तुझी कवळी टोचतेय गं मला. माझं तोंड म्हणून रद्दी माल दिलास की काय?" सासूबाई म्हणाल्या. "रविवारी बघते, अहो आई," ताई म्हणाली.

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर ती बघायला बसली. सासूबाईंनी कवळी काढून हातावर दिली आणि त्यांचे गाल आत गेले. एकाएकी चेहरा दहा वर्षं पुढे गेला. टोचत होती त्या जागी ताईनं हिरडी पुसून शाईच्या पेन्सिलीचा ठिपका दिला, कवळी घालून दाबायला लावली, काढली. निळा डाग कवळीवर उमटला. जिथं डाग तिथं दुखणं. बारीक घासणी घेऊन ती तेवढंच खरवडू लागली. पलीकडे लेक टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती आणि पडद्यावर तो फोटो होता, गॉगलाशिवायचा, पुरा. ताईनं तो इतक्या दिवसांत धड बघितलाच नव्हता. आता हातातलं काम तोंडाचं असल्यामुळे की काय, नजर तिकडे गेली ती कामाच्या सवयीनं गेली. वरच्या दाढांच्या चावायच्या बाजू दिसत होत्या. टाळूची वळणं दिसत होती. समोर उभ्या असलेल्या माणसाला हे दिसत नाही. खालून बघावं लागतं. मान मागे टाकलेल्या माणसाच्या पायाशी, बुटक्या कशावर तरी बसून.

"तू कुठे होतीस तेव्हा?" तिनं लेकीला विचारलं.

"कधी?"

"हा काढलास तेव्हा."

लेक पडद्याकडे बघत राहिली. "तिथेच."

"तू दाराला टेकून उभी होतीस. आत्याच्या बाजूला. मला दिसत होतीस तू, तूही हसत होतीस." घासणी थांबली होती. "तुझे दोन्ही हात तोंडावर होते."

लेकीचे कान लाल झाले. ती पुन्हा तशीच, टेबलावरच्या पाण्याच्या भांड्याकडे बघू लागली. तेव्हा कुठे ताईला कळलं की पोरगी इतके दिवस लाजत होती ती दुसऱ्याच गोष्टीला. "फोन माझा होता," लेक अखेर हळूच म्हणाली. "फोन माझा होता, म्हणून मला वाटलं... मी नंतर उजेड नीट केला, कापला, सगळं मीच केलं." तिचे डोळे भरून आले. "मी कळवते त्यांना. नको म्हणून कळवते. नाहीतरी माझा नाहीच तो."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. दात नसल्यामुळे शब्द मऊ, ओला झाला होता, आणि तरी दोघी थांबल्या. "मी काढला तो. येऊ न शकलेल्या बाहेरगावच्यांना व्हिडिओवर घर दाखवायला हिनं फोन दिला होता माझ्याकडे. मी पलंगापाशी त्या लहान स्टुलावर बसले होते."

ताईच्या बोटांत कवळी होती, कोमट, ओलसर, हसण्याच्या आकाराची. ती ठेवावी की धरावी हे तिला कळेना. सासूबाईंना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पाइप साफ झाला तेव्हाही माहीत होतं, आणि आपण मात्र इतके दिवस त्यांच्या कमरेच्या पिशवीवर पाळत ठेवून होतो. तिला सांगायचं होतं की मी ते गेले म्हणून हसले नव्हते हो, नणंदेच्या बोलण्यावर हसले. सांगायचं होतं की नंतर मी किती रडले ते तुम्ही बघितलंय. सगळी वाक्यं तयार होती, वर्षभर घासून गुळगुळीत केलेली. बाहेर आलं ते दुसरंच.

"अहो आई," ती कशीबशी म्हणाली, "अशा वेळी फोटो का काढलात?"

सासूबाईंनी आपल्या रिकाम्या तोंडावरून हात फिरवला. कवळी मागितली नाही. "त्या रात्री मला झोप लागली," त्या म्हणाल्या. "धप्प ऐकू येईल म्हणून वाट बघायची नव्हती, कोण आधी उठतं म्हणून श्वास धरायचा नव्हता. आडवी झाले ती उन्हं आल्यावरच उठले. माझं पोर गेलं, आणि मी, त्याची आई, पोटभर झोपले. कुणाला सांगू? पण त्याच्या आधी संध्याकाळी तू अशी मान टाकून हसलीस ना, तेव्हा मला कळलं, तो जायची वाट बघणारी या घरात मी एकटी नव्हते."